ट्रकवाल्याला ब्रेक लावायला लावू नका : एबी रोडवर गाडी कशी चालवावी

इंदूरच्या मराठी घरात लग्नाची पत्रिका आली की पहिला प्रश्न असतो, कार्य कुठे? नाशिकला. किंवा धुळ्याला, पुण्याला. मग गाडी काढायची आणि एबी रोडने, म्हणजे आग्रा-मुंबई महामार्गाने, खाली उतरायचं : माळव्याचं पठार सोडून निमाडात, तिथून सातपुडा ओलांडून खानदेशात. वीस वर्षं हा रस्ता मी असाच करतो आहे, आणि त्यातली निदान दहा वर्षं पुढच्या ट्रकवर चरफडण्यात गेली.

निमाडातल्या जुलवानियाच्या जरा पुढे एका ढाब्यावर मात्र जन्मभर लक्षात राहील असं वाक्य ऐकलं. मी ज्याला थोड्या वेळापूर्वी कट मारून पुढे आलो होतो, तोच ट्रालावाला (ट्राला म्हणजे लांब ट्रेलर-ट्रक) शेजारच्या खाटेवर येऊन बसला. इंदूरजवळच्या पिथमपूरच्या कारखान्यांतून माल घेऊन मुंबई बंदराकडे निघाला होता. ओशाळून मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, तुम्ही लोक फार मेहनत करता वगैरे. तो हसला. म्हणाला, "मेहनत-वेहनत छोड़ो साहब. बस, हमसे ब्रेक मत लगवाया करो."

एवढंच. पुढचं सगळं या एका वाक्याचा उलगडा आहे.

भरलेल्या ट्रालाचं वजन सहज चाळीस टन असतं, आपल्या गाडीचं एक-सव्वा टन. वेग सारखा असला तरी त्याला थांबवायला जिरवावी लागणारी ताकद आपल्या तीस-चाळीस पट. आपण त्याच्यापुढे घुसून ब्रेक मारला, तर आपण थांबतो आणि तो येत राहतो. बरं, नाही धडकला तरी त्याचं नुकसान होतंच. वेग मोडला की गिअर उतरवत खाली यायचं आणि पुन्हा एकेक गिअर चढवत साठपर्यंत न्यायचं, यात मिनिट-दीड मिनिट आणि डिझेल जातं. दिवसात असे पन्नास लोक भेटले की हिशेब तुम्हीच करा.

१. पहाटे तीनला निघू नका

आमच्याकडे लांब जायचं म्हणजे काळोखात निघण्याची हौस. "रस्ता मोकळा मिळतो" हे खरं, पण तीन ते पाच ही शरीराला सर्वांत जास्त झोप हवी असण्याची वेळ. तुम्ही अर्धवट झोपेतून उठलेले, आणि समोरचा संध्याकाळपासून स्टिअरिंगवर. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती असं लिहिलेलं होतं. लांब पल्ल्यासाठी ते दहा तासांपर्यंत वाढवता येत होतं. पण माल वेळेवर पोचवायची घाई कायद्याची पुस्तकं वाचत नाही. तेव्हा पोहे-जिलबी खाऊन उजाडल्यावर निघा. पुढे जाताना एखादा ट्रक लेनमध्ये हळूहळू पांढऱ्या पट्टीकडे सरकतोय आणि झटक्यात परत येतोय असं दिसलं, तर चालकाला डुलकी लागते आहे असं समजा. त्याच्या बाजूला रेंगाळू नका. मागे अंतर राखून एक लांब हॉर्न द्या.

२. त्याला दिसता का, ते आधी बघा

आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, त्यामुळे त्याची डावी बाजू सर्वांत आंधळी. केबिनच्या डाव्या दरवाज्याला लागून धावणारी स्कूटर त्याला दिसतच नाही. अगदी नाकासमोरचे दोन-तीन मीटर दिसत नाहीत, कारण तो उंच बसलेला असतो. आणि थेट मागे चिकटलेली गाडी त्याच्या लेखी नसतेच. खूण सोपी आहे : त्याच्या आरशात तुम्हाला त्याचा चेहरा दिसला, तर त्याला तुम्ही दिसता.

राऊ किंवा देवास नाक्यासारख्या ठिकाणी दुसरी गंमत होते. लांब ट्राला डावीकडे वळायचा असला की आधी उजवीकडे फाकतो, कारण मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत, आतून कापतात. डावीकडे झालेली ती ऐसपैस जागा बघून दुचाकीवाले त्यात शिरतात. ती जागा तुमच्यासाठी नाही, मागच्या चाकांसाठी आहे. डावा इंडिकेटर चालू असलेल्या लांब गाडीच्या डावीकडे जायचंच नाही, समोर कितीही रस्ता मोकळा दिसो.

३. ओव्हरटेकचं गणित घरून करून जा

रस्त्यावर हे गणित सुचत नाही, म्हणून इथेच करू. ट्राला अठरा मीटर लांब, ताशी ६० च्या वेगाने चाललाय. तुम्ही ८० ने. तुमचा वेग त्याच्यापेक्षा सेकंदाला साडेपाच मीटरने जास्त. त्याच्या मागे वीस मीटरवरून सुरुवात करून त्याच्या पुढे वीस मीटर जाईपर्यंत, त्याची नि तुमची लांबी धरून, बासष्ट मीटर जास्त कापायचे आहेत. म्हणजे अकरा सेकंद. ८० च्या वेगाने अकरा सेकंदांत तुम्ही जवळजवळ २५० मीटर जाता. दुभाजक नसलेल्या रस्त्यावर समोरूनही कोणी ८० ने येत असेल तर तोही तेवढाच येतो. एकूण अर्धा किलोमीटर रस्ता मोकळा दिसला पाहिजे, नुसता "बहुतेक मोकळा असेल" असा नव्हे.

मागे असताना अंतर सेकंदांत मोजा. ट्रक ज्या खांबापासून गेला, त्याच खांबापाशी तुम्ही चार सेकंदांनी पोचायला हवं. ८० च्या वेगाला ते साधारण नव्वद मीटर होतात. फार वाटतात, पण एवढ्या अंतरावरूनच ट्रकच्या पुढचं काही दिसतं. चिकटून चालणाऱ्याला फक्त ट्रकच्या मागची शायरी दिसते.

पुढे गेल्यावर लगेच डावीकडे येऊ नका. आतल्या आरशात ट्रकचं अख्खं तोंड, दोन्ही दिव्यांसकट, दिसलं की मग या. आणि आल्यावर वेग कमी करू नका. मी ज्याला कट मारला होता त्याची तक्रार नेमकी हीच होती : घाईघाईने पुढे आलो आणि पुढे येऊन मोबाइलवर रस्ता बघायला लागलो.

ट्रक उजव्या लेनमध्ये अडून बसतात, ही आपली नेहमीची तक्रार. नियम त्यांना डावीकडेच राहायला सांगतो, आणि काही जण निव्वळ हेकटपणा करतात हेही खरं. पण डाव्या लेनकडे एकदा नीट बघा. उलट्या दिशेने येणारी मोटारसायकल, उसाची ट्रॉली, ढाब्यातून बाहेर पडणारी गाडी, दिवे न लावता उभा असलेला टेम्पो. चाळीस टन घेऊन दर दोन मिनिटांनी तिथे ब्रेक मारायचा की सरळ चालायचं? एकदा डिपर (दिव्यांची उघडझाप), एक छोटा हॉर्न, आणि मग थांबायचं. त्याला जागा मिळाली की तो सरकतो. बहुतेक सरकतात.

४. त्याच्या खुणांवर किती विसंबायचं

उजवा इंडिकेटर दोन-तीनदा मिचकावला म्हणजे काय? काही चालक "जा पुढे" म्हणून देतात, काही "थांब, समोरून गाडी आहे" म्हणून, आणि काहींना खरोखर उजवीकडे वळायचं असतं. तीन अर्थांच्या खुणेवर जीव टाकू नका. त्याचा भाव चांगला समजा, निर्णय मात्र स्वतःच्या डोळ्यांनी घ्या.

रात्री "यूज डिपर अॅट नाइट" हे मागच्या फाळक्यावर रंगवलेलं वाक्य पाळा. त्याच्या मागे असतानाही मोठा प्रकाश खाली आणा, नाहीतर त्याच्या आरशात फक्त पांढरा उजेड उरतो.

५. घाटात त्याच्यापुढे जाऊ नका

हा भाग सावकाश वाचा, कारण या रस्त्यावरची सर्वांत वाईट जागा हीच. मानपूर ओलांडलं की पठार संपतं आणि गणपती घाट लागतो. इंदूरहून धामनोदकडे जाताना तो उतार. ब्रेक गेलेले ट्रक पुढच्या गाड्यांवर चढल्याच्या बातम्या इंदूरच्या वर्तमानपत्रांत आम्ही वर्षानुवर्षं वाचत आलो. आता उतरणाऱ्या गाड्यांसाठी वेगळा, सौम्य उताराचा रस्ता झाला आहे. तरी सेंधव्याच्या पुढे बिजासन घाट आहेच, आणि तिथेही महाराष्ट्राकडे जाताना उतारच.

ब्रेक "फेल" होतो म्हणजे तुटतो असं नाही. उतारावर सतत ब्रेक दाबला की चाकातला ड्रम तापतो, तापून फुगतो, त्याला घासून गाडी थांबवणाऱ्या लायनरपासून दूर जातो, आणि तापलेल्या लायनरची पकडही सुटते. पाय तळाला जातो, गाडी मात्र थांबत नाही. शिवाय ट्रकचे ब्रेक हवेवर चालतात. हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनावर चालतो, आणि पुन्हा पुन्हा ब्रेक मारला की हवा भरण्याआधीच संपत जाते. म्हणून जाणता चालक उतार सुरू व्हायच्या आधीच खालचा गिअर टाकतो आणि इंजिनाच्या जोरावर गाडी धरून ठेवतो. डिझेल वाचवायला न्यूट्रल करून सोडणारे असतात, त्यांचं समर्थन कोणी करणार नाही.

तुम्ही काय करायचं? खालच्या गिअरमध्ये कण्हत उतरणारा ट्रक दिसला तर तो नीट चालवतो आहे असं समजा, त्याला हॉर्न मारू नका. त्याच्यापुढे घुसून ब्रेक तर अजिबात नको, कारण त्याच्या राखलेल्या ब्रेकची पुंजी तुम्ही खर्च करवता. जळक्या रबरासारखा उग्र वास आला किंवा ट्रकच्या चाकांतून धूर दिसला, तर त्याच्या पुढच्या पट्ट्यात राहू नका. बाजूला रुंद जागा बघून थांबा आणि त्याला जाऊ द्या. घाटात उतारावर फोटोसाठी गाडी उभी करणाऱ्यांना तर काय म्हणावं.

चढावर उलट. भरलेला ट्रक दहा-पंधराच्या वेगाने चढतो. अरुंद घाटात चढणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हा नियमही आहे आणि शहाणपणही, कारण तो एकदा थांबला तर त्या वजनाला पुन्हा चढावर हलवणं अवघड.

६. बंद पडलेली गाडी, उलटलेली गाडी

रात्री रस्त्यात दगडांची रांग किंवा झाडाची डहाळी दिसली की पुढे ट्रक बंद पडला आहे. दोनशे मीटर आधीपासून वेग उतरवा. (गाडी दुरुस्त झाल्यावर दगड तिथेच सोडून जाणाऱ्यांवर माझा राग आहे, तो या लेखानेही गेलेला नाही.) राष्ट्रीय महामार्गावर १०३३ ला फोन केला की मदत येते. जखमी असतील तर १०८ किंवा ११२.

टँकर उलटला तर लांब राहा. ऑक्टोबर २०२२ मध्ये खरगोन जिल्ह्यातल्या अंजनगावात इंधनाचा टँकर उलटला आणि जवळ जमलेली गावची माणसं स्फोटात सापडली.

अपघातात आपण जमाव व्हायचं नाही, हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत ट्रकवाल्यांनी चाकं थांबवली, इंदूरच्या पंपांवर लांब रांगा लागल्या. कारण अपघातात कोणाचा जीव गेला आणि चालक पोलिसांना न कळवता पळाला, तर त्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा सांगणारं कलम नव्या भारतीय न्याय संहितेत आलं होतं. चालकांचं म्हणणं : थांबलो तर लोक मारतात, पळालो तर दहा वर्षं. १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली तेव्हा ते पोटकलम बाजूला ठेवलं गेलं. कायद्याचा वाद कायदेवाले बघतील. आपल्या हातात एवढं आहे की चूक कोणाची हे न ठरवता दोघांनाही दवाखान्यात पोचवायचं. मदत करणाऱ्याला पोलीस त्रास देतील ही भीती नको : मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं १३४-अ कलम त्याला संरक्षण देतं.

७. ढाब्यावर

मे महिन्यात निमाड तापतो तेव्हा केबिनमध्ये खालून इंजिन आणि वरून पत्रा. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकांना केबिनमध्ये एसी सक्तीचा केला आहे, पण रस्त्यावर धावणारे बहुतेक ट्रक त्याआधीचे. तेव्हा थंड पाण्याच्या दोन बाटल्या जास्तीच्या ठेवा. देताना दान केल्यासारखं नको. "उस्ताद, पुढे रस्ता कसा आहे?" असं विचारलं की बोलणं सुरू होतं, आणि बिजासनच्या खाली कुठे काम चाललंय हे तुम्हाला मोबाइलच्या नकाशाआधी कळतं. ट्रक उभे असलेल्या जागेजवळ गाडीतली गाणी मोठ्याने लावू नका. दुपारी खाटेवर आडवा झालेला माणूस रात्रभर तुमच्यासमोर गाडी चालवणार आहे.

८. आणि दारात ट्रक आला की

राजेंद्रनगर असो की सुदामानगर, घर बदलताना किंवा बांधकामाची वाळू-सिमेंट येताना ट्रक गल्लीत येतोच. चालकाला घरातलं बाथरूम वापरू द्या, हे आधी. जागा आधी मोकळी करून ठेवा, म्हणजे त्याला दोन तास ताटकळावं लागणार नाही. गाडी मागे घेताना पाच जण पाच बाजूंनी "आने दो, आने दो" ओरडतात, त्याने तो गोंधळतो. एकानेच सांगायचं, आणि तेही त्याच्या उजव्या आरशात दिसेल अशा जागी उभं राहून, आवाजापेक्षा हाताने. बाकीच्या चौघांनी आत जाऊन चहा ठेवावा.