पोलीस शाळेत आले तर : माहिती किती द्यायची आणि कशी

पोलीस शाळेच्या दारात आले की दोन सल्ले हमखास मिळतात. संस्थेचे सचिव म्हणतात, "बदनामी नको, आपसात मिटवा." ऑफिसातले भाऊसाहेब म्हणतात, "मागतील ते देऊन मोकळ्या व्हा, मॅडम." नाशिकमध्ये अठरा वर्षं मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत बसून सांगते, दोन्हींनी माणूस गोत्यात येतो.

मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याची रास्त शंका आली तरी पोलिसांना कळवावंच लागतं. 2012 च्या पोक्सो कायद्याच्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) 19 व्या कलमात तशी सक्ती आहे. हाताखालच्या माणसाचं प्रकरण दाबलं तर संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. तेव्हा आधी शाळेची चौकशी समिती आणि मग पोलीस, हा क्रम विसरा. मुलाने ज्या बाईंना सांगितलं त्यांनी ते मुलाच्याच शब्दांत लिहून ठेवावं. "कुणाला सांगणार नाही" असा शब्द मात्र देऊ नये, तो पाळता येत नाही.

सातपूर असो की पंचवटी, प्रत्येक ठाण्यात बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो. त्याचं नाव जूनमध्येच विचारून ठेवा. पोलिसांशी शाळेतून एकानेच बोलायचं. आलेल्यांचं ओळखपत्र पाहायचं.

आता कागद. मी इथेच आपटले. एका मुलीच्या वयाचा पुरावा हवा होता. बाल न्याय कायद्याच्या 94 व्या कलमाप्रमाणे वय ठरवताना शाळेचा जन्मतारखेचा दाखला आधी पाहतात, म्हणजे मागणी रास्तच होती. फोनवर "अर्जंट आहे" ऐकलं आणि मी जनरल रजिस्टरच्या पानाचा फोटो काढून पाठवून दिला. ते पान कसं असतं, आठवा : आडवं, प्रत्येक मुलाची एक ओळ, त्यात आईचं नाव, जात, जन्मस्थळ, आधीची शाळा. मागितली होती एकीची तारीख, मी पानावरच्या सगळ्या पोरांची कुंडली धाडली. संध्याकाळी तो फोटो पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर होता, तिच्या ओळीभोवती लाल गोल काढलेला. कुठून फुटला ते आजवर कळलेलं नाही. दुसऱ्या दिवशी तिची आई आली, काही बोलली नाही, शाळा सोडल्याचा दाखला मागितला.

तेव्हापासून फोनवर काही देत नाही. ठाण्याचे प्रभारी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे पोलीस तपासाचे नियम सांगणाऱ्या कायद्याच्या, कलमाखाली (योगायोगाने तेही 94 च) लेखी आदेशाने कागद मागवू शकतात. त्या पत्राला आवक क्रमांक टाका. मागितलंय तेवढ्याच ओळीचा, तेवढ्याच रकान्यांचा उतारा हाताने लिहा, सही-शिक्का करा, लिफाफा सीलबंद करा. जावक नोंदीत मुलाचं नाव घालू नका, पत्राचा क्रमांक पुरे. ती वही शिपायापासून सगळे चाळतात. एकच अपवाद : मूल हरवलं असेल तर फोटो, कपडे, शेवटचं कुठे दिसलं, सगळं तिथल्या तिथे सांगा. पत्र मागाहून येईल.

पोक्सोत मुलाचा जबाब घरी किंवा त्याला आवडेल तिथे घेतात, शक्यतो महिला अधिकारी, गणवेशाशिवाय, आईवडील किंवा विश्वासातलं माणूस सोबत असताना. संशय घरातल्यावरच असेल तर घरी फोन करण्याआधी अधिकाऱ्यांना विचारा. जबाब शाळेतच होणार असेल तर शिपायाला चिठ्ठी देऊन वर्गावर पाठवू नका, सगळा वर्ग माना वळवतो. वर्गशिक्षिकेनेच "स्कॉलरशिपच्या फॉर्मवर सही राहिलीय" म्हणत न्यावं. माझ्या केबिनला काचेचं दार होतं, म्हणून मी ग्रंथालय वापरायचे.

पत्रकारांना काहीच नाही. बाल न्याय कायद्याच्या 74 व्या कलमात नाव-पत्त्याबरोबर शाळासुद्धा येते. त्यामुळे "आमच्या आठवीतील विद्यार्थिनीबाबत" असा संस्थेचा खुलासासुद्धा छापायला देऊ नये.

आणि हजेरीपत्रकावर नजर ठेवा. एका वर्गशिक्षकांनी मुलाच्या नावापुढे 'पोलीस स्टेशन' असा शेरा मारला होता. मी व्हाइटनर लावलं. पान उजेडाकडे धरलं की अजून वाचता येतं.