पाच-सहा माणसांचं संग्रहालय आणि मुंबईचा पाऊस

छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाकडे स्वतःची संवर्धन प्रयोगशाळा आहे. छोट्या संग्रहालयात मात्र एक अभिरक्षक (क्युरेटर), नोंदवही सांभाळणारं एक माणूस, दोन अटेंडंट, सकाळी झाडलोट करणाऱ्या मावशी आणि रात्रीचा वॉचमन, एवढाच कारभार. पावसाळ्यात नुकसान बहुतेक वेळा दोघांच्या कामांमधल्या फटीत होतं. गळती मावशींनी पाहिलेली असते, पण सांगायचं कोणाला हे ठरलेलं नसतं. म्हणून कामाची वाटणी मे महिन्यातच करून टाका.

आर्द्रतेची वही अटेंडंटकडे द्या, अभिरक्षकाकडे नको. अभिरक्षक बैठकीला, बँकेत, शाळेच्या सहलीत अडकतो. दालनात दिवसभर असतो तो अटेंडंट. दालनात एक आणि साठवणखोलीत एक साधा डिजिटल हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता मोजणारं यंत्र, पुरतो. तो बाहेरच्या भिंतीला किंवा एसीच्या झोतात टांगू नका, वस्तूच्या उंचीवर ठेवा. सकाळी उघडताना, दुपारी आणि बंद करताना आकडा लिहायचा. स्वस्त यंत्रं चुकतात, तेव्हा आधी पारख करा. बाटलीच्या झाकणात खायचं मीठ घ्या आणि ते विरघळणार नाही, फक्त ओल्या वाळूसारखं होईल इतकंच पाणी घाला. झाकण आणि यंत्र झिपच्या पिशवीत घट्ट बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी आकडा 75 टक्के यायला हवा. 81 आला, तर यंत्रावर चिठ्ठी चिकटवा: ‘6 वजा करा’.

65 टक्क्यांच्या खाली बुरशी सहसा धरत नाही. 80 च्या वर गेल्यावर काही दिवसांतच दिसू लागते. जुलैत मुंबईची बाहेरची हवाच बहुतेक वेळ 80 च्या वर असते, त्यामुळे ‘जरा हवा खेळू दे’ म्हणत खिडक्या उघडणं म्हणजे ओल घरात बोलावणं. एसीचंही तेच. दिवसभर चालवून संध्याकाळी बंद केला, की बाहेरची दमट हवा आत शिरते आणि थंड काचेवर, धातूवर दव धरतं. चोवीस तास चालवणं परवडत नसेल, तर एसी नसलेला बरा. साठवणखोलीत डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल ओढणारं यंत्र, ठेवा, पंखा चालू ठेवा. डीह्युमिडिफायरची टाकी भरली की यंत्र गुपचूप थांबतं. शनिवारी संध्याकाळी भरलेली टाकी सोमवारीच कळते, म्हणून शक्य असेल तिथे पाण्याची नळी थेट मोरीत सोडा.

सिलिका जेलबद्दल, म्हणजे ओल शोषणाऱ्या दाण्यांबद्दल, गैरसमज फार. ते घट्ट बंद होणाऱ्या डब्यातच काम करतं. फटी असलेल्या जुन्या काचकपाटात थोड्याच दिवसांत निकामी होतं. अंदाज लिटरमागे 20 ग्रॅमचा, म्हणजे 10 लिटरच्या नाण्यांच्या डब्याला 200 ग्रॅम. वापरा फक्त धातूंसाठी. लाकूड, हस्तिदंत, चित्रं, पोथ्या यांच्याजवळ ते ठेवू नका. अति कोरडेपणाने तडे जातात. तांब्या-कांस्यावर हिरवट, पिठासारखे ठिपके उठले तर ती साधी हिरवी पुटं नव्हेत. क्षारांमुळे धातू आतून खाल्ला जातोय. वस्तू ताबडतोब जेलच्या डब्यात वेगळी करा आणि संवर्धकाला दाखवा. घासू नका, चिंच-लिंबू तर नकोच. जेलचे दाणे रंग बदलले की 110 ते 120 अंशांवर दोन-तीन तास तापवून पुन्हा वापरा. चहा-नाश्त्याच्या ओव्हनमध्ये नव्हे.

मावशींना ‘काळजी घ्या’ एवढंच सांगून भागत नाही. लाकडी कपाटाच्या पायांपासून हातभर अंतरात ओला पोछा नको, कारण लाकूड पाणी वर ओढतं. वस्तूला ओलं फडकं लावायचं नाही. मऊ ब्रशने धूळ पुढे सारायची आणि व्हॅक्यूमच्या तोंडाला जाळीचं कापड बांधून ओढून घ्यायची. कपाटाखाली पिठासारखी भुकटी दिसली, तर झाडून टाकण्याआधी हाक मारायची. मग तिथे काळा कागद पसरा. दोन-चार दिवसांत त्यावर नवी भुकटी पडली, तर आत जिवंत कीड असण्याची शक्यता मोठी. डांबरगोळ्या हा त्यावरचा उपाय नव्हे. वास माणसांना त्रास देतो, किडे लाकडात निवांत राहतात.

नोंदणीचं काम थोडक्यात: बांधीव वही, पक्की शाई, खाडाखोड नाही, चुकलं तर एक रेघ मारून बाजूला सही. स्केचपेनने लिहिलेला क्रमांक पावसात वाहून जातो. दगड-धातूवर पॅरालॉइड बी-72 चा (पुन्हा काढता येणाऱ्या पारदर्शक राळेचा) थर, त्यावर क्रमांक, वर पुन्हा थर. कागदाच्या मागे मऊ पेन्सिल. कापडाला टाचलेली सुती पट्टी. वस्तू जागेवरून हलवली, की रिकाम्या जागी चिठ्ठी. वहीची एक प्रत दुसऱ्या इमारतीत ठेवा.

26 जुलै 2005 ला सांताक्रुझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. तळमजल्यावरच्या साठवणखोलीत कपाटाची सर्वांत खालची फळी कायम रिकामी ठेवा आणि कपाटं बाहेरच्या भिंतीपासून वीतभर पुढे घ्या, विशेषतः पश्चिमेच्या. वॉचमनला क्रम पाठ हवा: आधी वस्तूवर प्लॅस्टिक, मग बादली, मग फोन. भिजलेला कागद कोपऱ्याला धरून उचलायचा नाही, खाली ट्रे सरकवायचा. 48 तासांत तो वाळवायला लागलं पाहिजे: टीपकागदात, पंख्याच्या वाऱ्यात पण झोताखाली नाही. फोटो आणि गुळगुळीत कागद आधी सुटे करा, एकदा चिकटले की सुटत नाहीत.

आणि ऑक्टोबरमध्ये ऊन पडलं म्हणून सगळी कपाटं एका दिवसात सताड उघडू नका. चार महिने फुगलेलं लाकूड झटकन आकसतं आणि जोड उकलतात. आठ-दहा दिवस, रोज एक दार, वही पाहून.