ट्रक पुढच्याच्या फाळक्याला चिकटवू नका: या चुका टाळा

इंदूरला लोहामंडीत बिल्ट्या (मालवाहतुकीच्या पावत्या) फाडत बसलो की ड्रायव्हर मंडळींचा प्रश्न हटकून येतो, "भाऊ, पुढच्या गाडीपासून कायद्यानं किती मीटर?" पहिली चूक इथेच. कायद्यात मीटर नाहीतच. 1989 च्या नियमांत नव्हते, 2017 च्या ड्रायव्हिंग विनियमांतही नाहीत. पुढचा अचानक थांबला तरी न धडकता थांबता येईल एवढं पुरेसं अंतर ठेवा, इतकंच.

आकडा नाही म्हणजे सूट, असं काही जण धरून चालतात. पण ठोकल्यावर 'अंतर पुरेसं होतं' हे पटवणार कसं? 2018 मध्ये सुप्रीम कोर्टापुढे ट्रकला मागून धडकलेल्या कारचं प्रकरण होतं. दोघांत 10 ते 15 फूट. कोर्टानं ते सुरक्षित मानलं नाही, दोष कारवाल्याचाच राहिला. विनियम मोडल्याचा दंड 500 ते 1000 रुपये. खरा फटका नुकसानभरपाईच्या क्लेममध्ये बसतो.

दुसरी चूक, अंतर नजरेनं मोजणं. सेकंदांनी मोजा. पुढची गाडी एखाद्या खांबापाशी आली की तुम्ही त्याच खांबापाशी पोहोचेपर्यंत 'एक हजार एक, एक हजार दोन' म्हणा. 80 च्या वेगात सेकंदाला 22 मीटर रस्ता जातो. त्यात हवेचा ब्रेक पकडायला अर्धा सेकंद घेतो, म्हणजे 11 मीटर नुसतेच गेले. भरल्या गाडीला मी कोरड्यात चार सेकंद सांगतो, पावसात सहा. हा कायद्याचा आकडा नव्हे, माझा.

गेल्या पावसाळ्यात मांगलियाजवळ बायपासवर आमची सोयाबीनची गाडी पुढच्यापासून हातभर अंतरावर थांबली. वरची पोती सरकून केबिनवर आली. क्लीनर म्हणाला, "फाळक्यावरचे खिळे मोजता येत होते."

"जागा सोडली की कारवाला घुसतो," ही तक्रार खरीच आहे. घुसू द्या. ब्रेक नको, ॲक्सिलरेटरवरून पाय काढा, जागा परत तयार होते. एक घुसला की चार सेकंद गेले. दहा घुसले तरी चाळीस. तेवढ्यासाठी डिपर मारत पुढच्याच्या बुडाशी जाणारे मला आजवर कळलेले नाहीत.

मानपूरच्या पुढे घाट उतरताना डिझेल वाचवायला न्यूट्रल करू नका. ब्रेकचे लायनर तापले की सेकंद मोजून उपयोग नाही. गियर वरूनच खाली घ्या.

आणि मागचा चिकटला असेल तर? तुमचं पुढचं अंतर आणखी वाढवा, म्हणजे जोरात ब्रेक मारायची वेळ येणार नाही. 2025 च्या एका निकालात इशारा न देता हायवेवर अचानक ब्रेक मारणाऱ्या कारचालकावर कोर्टानं निम्मा दोष टाकला. म्हणून निघण्याआधी क्लीनरला मागे उभं करून ब्रेक दाबा आणि दोन्ही लाल दिवे लागतात का ते विचारा. आमच्याकडे तीनपैकी एका गाडीचा एक तरी गेलेला असतो.