खोल गाठ शोधताना उजेड कातडीचाच येतो: या चुका टाळा

"सर, गाठ सरकली!" दुपारी अडीचला विद्यार्थी धावत आला. कातडीवर प्रोब (लेझर आणि उजेड मोजणारा डिटेक्टर बसवलेली पट्टी) ठेवायचा, अवरक्त उजेड आत सोडायचा आणि परतलेल्या उजेडावरून आतली गाठ शोधायची, हा आमचा प्रयोग. सरावाला मांसाऐवजी जेली, गाठीऐवजी मणी. सकाळी दुधाळ जेलीत दोन सेंटिमीटर खोल पुरलेला काळा मणी चौथ्या खुणेखाली दिसत होता, आता सहाव्या. मणी जागचा हलला नव्हता. पश्चिमेच्या खिडकीतून उन्हाची तिरीप टेबलावर आली होती, एवढंच. उन्हात अवरक्त किरण भरपूर; ते डोळ्याला दिसत नाहीत, पण डिटेक्टरला दिसतात. जळगावच्या एप्रिलमध्ये नुसता पडदा ओढून भागत नाही, प्रोबवर काळं कापडच लागतं. शिवाय लेझर बंद ठेवून 'अंधाराचं' मोजमाप दर वेळी घ्या आणि वजा करा. सकाळी एकदा घेतलेलं दुपारी कामाचं नाही.

सगळ्यात मोठी चूक अंतराची. मांसात प्रकाश सरळ जात नाही, जेमतेम एक मिलिमीटर गेल्यावर आपण कुठल्या दिशेने निघालो होतो हेच विसरतो. लेझरपासून डिटेक्टरपर्यंत पोचणाऱ्या किरणांची वाट वाकलेली असते. संशोधक तिला खरोखरच 'केळं' म्हणतात. केळीच्या पट्ट्यातल्या रावेर-सावद्याच्या पोरांना चित्र काढून दाखवावं लागलं नाही. या केळ्याचं पोट ढोबळमानाने लेझर-डिटेक्टर अंतराच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत खोल जातं. दोन सेंटिमीटरवरची गाठ बघायची तर दोघांत किमान चार सेंटिमीटर हवेत. आमच्या पोरांनी एकच सेंटिमीटर ठेवला होता. का? तर "सिग्नल झकास येतो!" येणारच, तो कातडीचा असतो. अंतर वाढवलं की उजेड झपाट्याने घटतो, आकडे थरथरतात आणि माणूस घाबरून प्रोब पुन्हा जवळ आणतो. तसं करू नका. मोजायचा वेळ वाढवा. जमल्यास जवळ एक जादा डिटेक्टर लावा. त्याला फक्त वरचा थर दिसतो, म्हणून लांबच्या मोजमापातून कातडीचा हिस्सा काढून टाकता येतो.

रामन वर्णपटातही (लेझर टाकल्यावर परतलेल्या प्रकाशाच्या बदललेल्या रंगांवरून पदार्थ ओळखायची पद्धत) हीच युक्ती चालते. पावेल माटूसेक आणि सहकाऱ्यांनी 2005 साली ब्रिटनमध्ये दाखवलं, की लेझरच्या टिंबापासून काही मिलिमीटर बाजूला गोळा केलेल्या प्रकाशात खालच्या थराचा वाटा वाढतो.

जेली करताना, तिने मांसासारखा उजेड शोषावा म्हणून घालायची शाई चुकते. पेनातली काळी शाई डोळ्याला काळीकुट्ट, पण ती बहुतेकदा विरघळणाऱ्या रंगाची असते आणि अवरक्तात जवळजवळ पारदर्शक होते. कार्बनची ड्रॉइंग शाई घ्या, बाटली चांगली हलवून. जिलेटिनही नको, ते साधारण पस्तीस अंशांनाच पातळ होतं, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात सावलीतलाच पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर जातो. त्याऐवजी अगर-अगर (समुद्री शेवाळापासून काढलेली जेलीची पूड) वापरा. उन्हाचा फटका लेझरलाही बसतो. साध्या लेझर डायोडची तरंगलांबी दर अंशाला सुमारे 0.3 नॅनोमीटर सरकते. रामनमध्ये तेवढ्याने शिखरं जागा सोडतात, म्हणून पंख्याच्या भरवशावर राहू नका.

माणसाच्या हातावर मोजताना पहिला मोह दाबण्याचा. प्रोब दाबला की खालचं रक्त बाजूला सरतं, आणि गाठ तर रक्ताच्या जास्त प्रमाणावरूनच ओळखायची असते. पट्ट्याने हलकाच बांधा. शीर आली, केस आले, तर जागा बदला. आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायांच्या हातावर गोंदण असतं. काजळीचं गोंदण म्हणजे कार्बनच, त्यावर प्रोब ठेवला तर हटकून खोटी गाठ दिसेल. सावळ्या कातडीतलं मेलॅनिनही उजेड खातं, म्हणून एका माणसाचा आकडा दुसऱ्याच्या आकड्याशी लावू नका. त्याच माणसाच्या दुसऱ्या हाताशी लावा.

एकाच रंगाच्या लेझरवर भिस्त ठेवली तर रक्त जास्त आहे की त्यात ऑक्सिजन कमी, हे कळत नाही. 800 नॅनोमीटरच्या आसपास ऑक्सिजनवालं आणि ऑक्सिजन नसलेलं, दोन्ही प्रकारचं हिमोग्लोबिन (रक्तातला लाल घटक) उजेड सारखाच शोषतं, तेव्हा 760 आणि 850 अशी दोन्ही बाजूंची जोडी घ्या.

आणि प्रोब उचलून त्याच जागी पाच वेळा ठेवा. पाच आकड्यांतला फरक गाठीमुळे आकड्यात पडलेल्या खड्ड्याएवढाच निघाला, तर ती गाठ नव्हे.

मणी सापडल्यावर एकाने विचारलं, "सर, मावशीच्या छातीत गाठ लागतेय, तिला लावून बघू?" म्हटलं, आपलं यंत्र जेलीपुरतं आहे. तिला उद्याच डॉक्टरकडे ने.