बीएसए-रायबोफ्लेविन क्वेंचिंग करताय? या चुका टाळा

एमएस्सी प्रोजेक्टचा सीझन आला की ठरलेलं, बीएसएत (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रोटीन) रायबोफ्लेविन (व्हिटॅमिन बी२) टाकायचं, २८० नॅनोमीटरला एक्साइट करायचं, ३४० जवळचा फ्लुओरेसन्सचा (प्रोटीनने परत सोडलेल्या प्रकाशाचा) पीक खाली बसला, म्हणजे क्वेंचिंग झालं, की "बाइंडिंग झालं" म्हणून मोकळं व्हायचं. अरे, पण रायबोफ्लेविन पिवळंधमक असतं! त्याचे स्वतःचे ॲब्सॉर्प्शन पीक २६७, ३७३ आणि ४४५ नॅनोमीटरला, म्हणजे ट्रिप्टोफॅनकडे (प्रोटीनमधलं चमकणारं अमिनो ॲसिड) जाणारा प्रकाशही तेच खातं आणि तिथून निघालेलाही. याला इनर फिल्टर म्हणतात आणि निम्मे प्रोजेक्ट इथेच झोपतात.

आमच्याकडच्या एका पोराचा स्टर्न-व्होल्मर प्लॉट (रायबोफ्लेविन वाढवलं की सिग्नल किती पटीने पडतो त्याचा आलेख) मस्त वर वळला होता, पठ्ठ्याने थेट "स्टॅटिक आणि डायनॅमिक दोन्ही" (आधीच चिकटून आणि धडकून, दोन्हींनी क्वेंचिंग) असं ठोकून दिलं, पोस्टर छापायला निघालेलं. म्हटलं, शेवटच्या ट्यूबचा ॲब्सॉर्बन्स (प्रकाश किती शोषला त्याचं माप) दाखव. घेतलाच नव्हता! घेतला तर २८० ला ०.७, ३४० ला ०.३. इनर फिल्टरचं करेक्शन काढायचं तर बेरीज १, अर्धी ०.५, दहाचा ०.५ वा घात ३.१६, इतक्या पटीने गुणायचं, म्हणजे बाइंडिंग अजिबात नसतं तरी सिग्नल एक तृतीयांशाच्याही खाली गेला असता. करेक्शन लावलं, वळण गायब, उतारही पार खाली.

मी प्रत्येक ट्यूब आधी यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटरमध्ये घालतो, ॲब्सॉर्बन्स ०.१ च्या वर गेला की करेक्शनशिवाय आकडा वापरत नाही, आणि तीच टायट्रेशन (रायबोफ्लेविन थोडं थोडं वाढवत मोजणं) एन-ॲसिटाइल ट्रिप्टोफॅनमाइडवर करून बघतो, त्याला प्रोटीनसारखा पॉकेटच नाही, तेही तितकंच विझलं तर समजून जा, हे बाइंडिंग नव्हे. कंटाळवाणं आहे, माहितीये. एक्सेलने आर स्क्वेअर ०.९९ दिला म्हणून हे टाळणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

२९५ ला एक्साइट करा, टायरोसिनची (प्रोटीनमधलं दुसरं चमकणारं अमिनो ॲसिड) लुडबुड कमी होते, पण इनर फिल्टर तिथेही आहेच.

स्टॉक ट्यूबलाइटखाली उघडा ठेवू नका. उजेडात रायबोफ्लेविनचं ल्युमिक्रोम हे वेगळंच संयुग होतं, मग तुम्ही नेमकं काय बाइंड करताय? फॉइल गुंडाळा, रोज ताजा बनवा.

लाइफटाइम (एक्साइट झालेलं ट्रिप्टोफॅन किती वेळ तसं टिकतं) न मोजता, पेपरमधून १०⁻⁸ सेकंद उचलून "स्टॅटिक" ठरवू नका.

तापमान बदलणार असाल तर ट्रिस बफर नको, २५ वरून ३७ अंशाला नेलं की पीएच साधारण ०.३ ने घसरतो. फॉस्फेट घ्या.

आणि २९५ ला एक्साइट केल्यावर ३२८ जवळ दिसणारा उंचवटा पाण्याचा रामन पीक (पाण्याने विखुरलेल्या प्रकाशाचा) असतो, नवीन कॉम्प्लेक्स नव्हे. बफरचा ब्लँक (नुसत्या बफरचं रीडिंग) वजा केला की जातो.