दाताचा दोष कुणाच्या माथी? या चुका टाळा

मुलाच्या दातावर डाग दिसला की घरात दोनच निकाल लागतात: ‘आईकडून आलंय’ नाहीतर ‘चॉकलेटं खाल्ली’. घरच्यांचं एक वेळ समजू शकतं. शिकाऊ डॉक्टर तेच केस पेपरवर उतरवतात तेव्हा माझं डोकं फिरतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे डाग दिसला त्या वयात कारण शोधणं. पहिली कायमची दाढ तोंडात येते ६ व्या वर्षाच्या आसपास, पण तिचं इनॅमल, म्हणजे दातावरचं कडक आवरण, जन्माच्या सुमारास बनायला लागतं आणि साधारण तिसऱ्या वर्षापर्यंत तिचा वरचा भाग तयार झालेला असतो. इनॅमल बनवणाऱ्या पेशी दात उगवताना नाहीशा होतात. इनॅमल बनताना राहिलेली खोट शरीर नंतर भरून काढत नाही.

८ वर्षांचा एक मुलगा आला होता. दाढांवर ठळक कडांचे पिवळे-तपकिरी डाग, एक दाढ कोपऱ्यातून ढासळलेली. आजी सुनेच्या माहेराचा उद्धार करत होत्या. ज्युनियरने मिनिटभरात ‘आनुवंशिक इनॅमल दोष’ लिहूनही टाकलं! मी त्याला एकेक दात पुन्हा बघायला लावला. डाग फक्त चार पहिल्या दाढांवर आणि वरच्या दोन पटाशींवर. दुधाचे दात स्वच्छ, एक्स-रेमध्ये न उगवलेल्या उपदाढाही धड. इनॅमलच्या जनुकातच दोष असता तर तो सहसा दुधाच्या आणि कायमच्या, जवळजवळ सगळ्या दातांत दिसला असता. हे एमआयएच (मोलर-इन्सायझर हायपोमिनरलायझेशन) होतं, म्हणजे पहिल्या दाढांचं आणि बऱ्याचदा पटाशींचंही इनॅमल बनताना कच्चं राहणं. जुन्या कागदांत पहिल्या वर्षातली वारंवारची आजारपणं निघाली. तेच कारण, असं एका मुलापुरतं छातीठोक सांगता येत नाही, आणि एमआयएच कुणाला होतं यात जनुकांचाही काही वाटा असतो. पण माहेरावरचा खटला तिथेच बारगळला.

माझी सवय अशी: आधी कोणते दात, दाताचा कोणता भाग, दोन्ही बाजूंना सारखं का, हे कागदावर काढायचं. मग बाळंतपणाची फाइल मागायची. फोटो पाठवून दोन मिनिटांत निदान मागणाऱ्यांना मी उत्तरच देत नाही.

उलट चूकही होते. बरेच दात जन्मतःच नाहीत, केस विरळ, घाम जवळजवळ नाही, अशा मुलाला ‘उशिरा येतील’ म्हणून परत पाठवू नका. दात, केस आणि घामाच्या ग्रंथी घडवणाऱ्या ईडीए जनुकातल्या दोषाची शंका घ्या आणि तज्ज्ञांकडे धाडा.

दात जन्मतःच नसण्याशी जोडलेल्या एमएसएक्स१ आणि पॅक्स९ या जनुकांचा रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे जनुकं निर्दोष सुटली, असंही नाही. त्याच यादीतलं डब्ल्यूएनटी१०ए राहिलंच की.

उलट सगळं जनुकांवरही ढकलू नका. एकसारख्या जुळ्यांतही कधी कधी एकाला पटाशीशेजारचा दात नसतो आणि दुसऱ्याला तो खुंटीसारखा असतो. दोघांची जनुकं तीच.

‘अमुक दोष इतके टक्के आनुवंशिक’ असा आकडा वाचून स्वतःच्या दाताची जनुकं आणि परिस्थिती अशी वाटणी करू नका. तो आकडा लोकसमूहातल्या फरकांचा असतो, एका तोंडाचा नाही.

आणि डागांच्या भीतीने फ्लोराइडची पेस्ट बंद करू नका. ३ वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे वाटाण्याएवढी. ट्यूब मात्र मोठ्यांच्या हातात.