ऑर्किडची कुंडी भेट देताय? या चुका टाळा

वास्तुशांत, निवृत्ती, वाढदिवस अशा निमित्तांनी हल्ली पुष्पगुच्छाऐवजी ऑर्किडची कुंडी दिली जाते आणि ती बहुधा फॅलेनॉप्सिस या प्रकारच्या ऑर्किडची असते. तिची फुले 2 ते 3 महिने टिकतात आणि झाड नीट सांभाळले तर अनेक वर्षे जगते. तरीही ‘एवढी वाचवता आली तर बघा’ म्हणून माझ्याकडे कुंड्या येतच राहतात आणि त्यांतल्या बहुतेक पाण्यात गुदमरलेल्या असतात.

हे झाड मातीतले नव्हे. आपल्या सह्याद्रीतली सीतेची वेणी जशी झाडाच्या फांदीला धरून वाढते, तसेच फॅलेनॉप्सिसही आग्नेय आशियातल्या जंगलांत खोडांवर वाढते. पावसात न्हायचे आणि वाऱ्याने सुकायचे, ही त्याच्या मुळांची सवय. दुकानात मात्र ते पातळ प्लास्टिकच्या कुंडीत, मुळांभोवती गच्च मॉस (वाळलेले शेवाळ) कोंबून, बिनभोकाच्या देखण्या चिनी मातीच्या कुंडीत बसवलेले असते. घातलेले पाणी तळाशी साचते आणि वरून पाहणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

काही वर्षांपूर्वी पुण्यातल्या मावसबहिणीला मी अशीच पांढऱ्या फुलांची कुंडी दिली आणि पाण्याविषयी एक शब्दही सांगितला नाही. ती रोज पूजा झाली की तांब्याभर पाणी घालत असे. पाने लोंबू लागली तेव्हा झाड तहानले असेल असे वाटून तिने पाणी वाढवले. अडीच महिन्यांनी मी आतली कुंडी उचलली, तर खाली 2 बोटे तपकिरी, वास मारणारे पाणी होते. मूळ चिमटीत धरले की साल निघून हातात येई आणि मागे नुसता दोरा उरे. जेमतेम 3 मुळे टणक होती. सगळा मॉस काढून, कात्री आचेवर धरून मी कुजका भाग कापला, कापांना दालचिनीची पूड लावली, झाड एक दिवस सावलीत उघडे ठेवले आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे व कोळसा यांत लावले. दुसऱ्या हिवाळ्यानंतर ते फुलले.

तेव्हापासून मी आतली कुंडी हाताने उचलून पाहिल्याशिवाय पाणी देत नाही. हलकी लागली आणि मुळे रुपेरी दिसली तरच सकाळी ती मोरीत नेऊन भरपूर पाणी ओतावे, 15 मिनिटे निथळू द्यावे आणि मग जागी ठेवावी. भिजलेली मुळे हिरवी दिसतात. पाण्याऐवजी दर आठवड्याला कुंडीत बर्फाचे 3 खडे ठेवण्याचा सोपा उपाय मला मुळीच मान्य नाही, कारण तो माणसाला झाडाकडे न पाहण्याची सवय लावतो.

दुसरी चूक अधीरपणाची. फुले गळली की झाड मेले असे समजून ते टाकून दिले जाते, किंवा लगेच फुलावे म्हणून खतावर खत घातले जाते आणि मुळांची टोके जळतात. फुलांचा दांडा हिरवा असेल तर खालून दुसऱ्या किंवा तिसऱ्या डोळ्याच्या (दांड्यावरच्या गाठीच्या) वर कापावा; वाळला असेल तर बुडाशी. पुन्हा दांडा येण्यासाठी काही आठवडे थंड रात्री लागतात. पुणे-नाशिककडच्या हिवाळ्यात त्या मिळतात, मुंबईत क्वचितच. म्हणून मुंबई-कोकणातल्या घरी मी डेंड्रोबियम हे दुसरे ऑर्किड देतो. त्याला उकाडा सोसतो, फक्त उजेड जास्त लागतो.

दुपारचे ऊन पाने भाजते. पानांच्या बेचक्यात पाणी राहिले तर कापसाने टिपावे. पिकलेले आंबे-केळी शेजारी ठेवल्यास कळ्या गळतात, एसीच्या झोतातही तेच होते. फुलावर असताना कुंडी बदलू नये.

भेटीसाठी मी निम्म्या कळ्या मिटलेले झाड निवडतो, बाहेरची कुंडी भोकाचीच घेतो आणि दांड्याला चिठ्ठी बांधतो: ‘पाणी देण्याआधी आतली कुंडी उचलून पाहा.’